ट्रेलरपुढचं गाऱ्हाणं

दोन हजार बावीस साल. मला सदुसष्टावं लागलं होतं, आणि माझा धाकटा भाऊ गोविंद एका गंजलेल्या बोल्टापुढे टोपी काढून, हात जोडून उभा होता.

"बा गावदेवा म्हाराजा," तो डोळे मिटून म्हणाला, "आज ह्यो बोल्ट सोडवायला घेतलाय. ह्याच्या आट्यात जो काय गंज बसला आसंल, कुणाची नजर बसली आसंल, ती आल्या वाटेनं जाऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हसनभाई खणखणीत ओरडले.

हसनभाई आमचे फिटर. खेडला त्यांचं गॅरेज आहे. शुक्रवारी दुपारी हातातला पाना टाकून नमाजाला जाणारा माणूस, पण गोविंदच्या गाऱ्हाण्याला त्यांच्यासारखी साथ देणारा गावात दुसरा नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मागनाऱ्यानं चांगलंच मागितलंय ना? मग व्हय म्हनायला काय जातंय?"

बोल्ट सुटला नाही. तो शेवटी गॅसनं कापला. गोविंद म्हणाला, "बघ दादा, कापला तरी बाजूचं काय जळलं नाय. ही देवाचीच राखन."

आमच्याकडे कुठलंही काम काढलं की आधी गाऱ्हाणं घालतात. एकानं देवाला मागणं सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पालखी उठताना, लग्न ठरताना, विहीर खणताना. ते सगळं बरोबर आहे, मीही ते मानतो. पण गोविंदला त्याचा धरबंद राहिलेला नाही. एसटी यावी म्हणून तो थांब्यावर गाऱ्हाणं घालतो. मोबाईलला रेंज यावी म्हणून घालतो. एकदा आमच्या हिच्या कुकरला शिट्टी होईना, तर हा चुलीपुढे टोपी काढून उभा. नंतर कळलं, झाकणाची रिंगच बसवायची राहिली होती. गोविंदचं म्हणणं, ती आठवण देवानंच करून दिली.

हेही मी चालवून घेतलं असतं. पण त्याची दुसरी एक खोड आहे. मला तोंडावर बोलायची त्याची छाती नाही, मी थोरला. मग मला जे ऐकवायचं असतं ते तो देवाला सांगतो, मी समोर उभा असताना.

"बा म्हाराजा, आमचा दादा कुनाचं ऐकत नाय. डागदरानं विडी बंद सांगितली तरी गोठ्यामागं जाऊन वडतो. त्याच्या डोसक्यात उजेड पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे हसनभाई. आणि स्वयंपाकघरातून, त्यांच्याहून मोठ्यांदा, आमची ही.

मी मात्र त्याच्या गाऱ्हाण्याला कधी 'व्हय' म्हटलं नाही. आमच्या घरात देवापुढे शब्द टाकायचा मान थोरल्याचा. धाकट्यानं मागायचं आणि थोरल्यानं मान डोलवायची, हे मला जमणारं नव्हतं. मी तिसरीतून शाळा सोडली, पण माझा मान मी कुठं सोडला नाही.

आता गाडीचं सांगतो. अंजनवेलला विजेचा कारखाना उभा राहत होता तेव्हा आमच्या बाबांनी भाताचं एक खाचर विकून जुना ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे दोन वस्तू. पुढं ओढणारं इंजिन आणि केबिन, त्याला आम्ही घोडा म्हणतो, आणि मागं माल ठेवायचा लांबलचक पाट. घोड्यावर मी ड्रायव्हर, डावीकडे गोविंद क्लीनर. तो गाडी चालवायला कधी शिकला नाही. शिक म्हटलं की म्हणायचा, "तू हायस ना." पण गाडी मागं घ्यायची असली की खाली उतरून, पत्र्यावर थाप मारत, "आन दे, आन दे, आन दे... बास!" असं नेमकं सांगायचा की त्या 'बास'च्या पुढं चाक वीतभरही जायचं नाही. डावीकडचा आरसा फुटला तो आम्ही कितीतरी दिवस बसवलाच नाही. गोविंद होता.

मग कारखान्याचं काम संपलं, बाबाही गेले, आणि ट्रेलर अंगणाच्या कडेला फणसाखाली उभा राहिला. मी परक्यांच्या गाड्यांवर लांबच्या लाईनीला लागलो. घरी यायचो ते गणपतीला आणि शिमग्याला. गोविंदनं लग्न केलं नाही. तो घरी राहिला, भात लावलं, गुरं सांभाळली आणि दर पावसाळ्याआधी त्या उभ्या गाडीवर ताडपत्री बांधली. चाकांना तेल दिलं. लोक हसायचे. म्हणायचे, गोविंद म्हशीला पेंड घालत नाही आणि लोखंडाला तेल पाजतो.

मी परक्याची गाडी सोडून घरी बसलो आणि माझ्या मुलाचा, प्रकाशचा, मुंबईहून फोन आला. "बाबा, शिमग्याला येतो तेव्हा भंगारवाला घेऊनच येतो. अंगण तरी मोकळं होईल."

मी म्हणालो, "गाडी भंगारात जानार नाय. कामाला जानार. रोज."

तो हसला. हसला ते बरं झालं. हसला नसता तर मी कदाचित विकलीही असती.

दुसऱ्याच दिवशी मी हायवेला गेलो. तिथं एकजण रस्त्याच्या मोऱ्यांसाठी सिमेंटचे मोठे पाईप ओततो. त्याला म्हणालो, तुझे पाईप मी जागेवर नेऊन टाकतो. त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, "काका, शिमग्याच्या आत आरटीओच्या पासिंगचा कागद दाखवा, रोजची खेप तुमची. नाहीतर मी दुसरी गाडी बांधतो. आणि एक करा, क्लीनर जरा दमाचा घ्या. पाईप बांधायला अंगात जोर लागतो." मी बघतो म्हणालो. घरी येऊन हे सगळं ओटीवर सांगितलं. गोविंद सुपारी कातरत होता. त्यानं अडकित्ता खाली ठेवला.

आम्ही कामाला लागलो. इंजिन जाम होतं. हसनभाईंनी वरून डिझेल ओतून ठेवलं आणि आम्ही रोज सकाळी लोखंडी दांडा लावून ते फिरवायचा प्रयत्न करायचो. रोज गाऱ्हाणं, रोज दांडा, रोज काही नाही. मला तर त्या इंजिनाचाच राग येऊ लागला होता. त्याला म्हणालो, तू हट्टी असशील, मी कोण आहे ते तुला माहीत नाही. एका सकाळी ते बोटभर हललं. हसनभाईंनी मला मिठी मारली आणि माझा पांढरा सदरा कायमचा काळा झाला.

केबिनीत वेगळीच अडचण. ड्रायव्हरच्या सीटवर आमची कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी तिला हुसकायला गेलो तर गोविंद आडवा.

"बा म्हाराजा, आमच्या दादाला लेकुरवाळीची माया दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पिल्लं बाहेर पडेपर्यंत केबिनीचं काम बंद ठेवावं लागलं. तोवर आम्ही ब्रेकचे पाईप बदलले, चाकांवरच्या कमानीचे तुटके पाटे बदलले, आणि घोड्याच्या पाठीवरची ती गोल लोखंडी बैठक, जिच्यात ट्रेलरची खुंटी अडकते, ती घासून घासून आरशासारखी केली. कोंबडी उठली त्याच दिवशी मी सीटवर बसलो आणि चावी मारली. फणसावरचे कावळे उडाले. धूर असा निघाला की शेजारीण घागर घेऊन धावली.

मग पासिंगला गेलो. मैदानात गाड्यांची रांग. तपासणारे साहेब हातात पेन घेऊन आमच्या गाडीपाशी आले, आणि गोविंदनं टोपी काढली. मी डोळ्यांनी नको म्हणत होतो. पण त्यानं डोळेच मिटले होते.

"बा म्हाराजा, ह्या सायबांच्या हातानं आमच्या गाडीला येस दे रे म्हाराजा!"

रांगेतले सगळे ड्रायव्हर आपल्याच मुलखातले. सवयीनं ओरडले, "व्हय म्हाराजा!" आणि साहेबही आपल्याच मुलखातले. त्यांच्याही तोंडून "व्हय म्हाराजा" निघून गेलं. मग ते असे गोरेमोरे झाले की त्यांनी आमची गाडी दुप्पट कडक तपासली. ट्रेलरच्या मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक धरत नव्हता. गाडी नापास.

रांगेतला एकजण म्हणाला, "आजोबा, गाडीला नाय, पन गाऱ्हान्याला पासिंग मिळालं बगा!" सगळे हसले. गोविंदही हसला. मी नाही हसलो.

परत येताना मी त्याला सांगितलं, "गोविंद, आजपासनं ह्या गाडीपुढं गाऱ्हानं बंद. गाडी हातानं चालते, तोंडानं नाय."

तो डावीकडं बाहेर बघत होता. म्हणाला, "बरं."

त्यानंतर तो खरंच गप्प झाला. आम्ही दोघं ट्रेलरखाली उताणे पडून ब्रेक खोलायचो. मी पाना मागितला की पाना हातात यायचा, फडकं मागितलं की फडकं. शब्द नाही. हसनभाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तात्या, ह्येचा आवाज बसलाय काय? माझं कामात लक्ष लागत नाय." एसटीच्या थांब्यावरही तो नुसता उभा राहायचा. कुकरची शिट्टी आपली आपण व्हायची. मी मनात म्हणालो, झाली कटकट बंद. पण ब्रेक बसवताना मीच मधेच थांबायचो, 'व्हय म्हाराजा' ऐकू यायची वाट बघितल्यासारखा.

शिमगा तोंडावर आला असताना गाडी पुन्हा नेली. साहेबांनी सगळीकडून पाहिली. ब्रेक दाबायला लावला, सोडायला लावला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "आज काही म्हणणार नाही का ते?" मी म्हणालो, नाही. त्यांनी कागदावर सही केली.

घरी येऊन पाईपवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, उद्या सकाळीच या. प्रकाशला फोन लावला, भंगारवाल्याला सांग घरीच बस. आणि मग गोविंदला उद्याचं सांगायला म्हणून मी अंगणात गेलो. उन्हं उतरली होती. फणसाखाली ट्रेलर उभा, आणि ट्रेलरच्या पलीकडून हळू बोलणं ऐकू येत होतं.

"बा म्हाराजा, गाडी पास झाली. दादानं गाऱ्हानं बंद सांगितलंय, म्हनून गाडीच्या पाठीमागं घालतोय, पुढं नाय. दादा आता रोज जानार. त्याचे डोळे पयल्यासारखे नायत, तो काय सांगनार नाय. त्याचं चाक सरळ ठेव रे म्हाराजा."

आणि जाड, छातीतल्या आवाजात उत्तर आलं, "व्हय म्हाराजा."

मी जागेवर थांबलो. तो आवाज माझा होता. 'व्हय' म्हटल्यावर विडी ओढणाऱ्या माणसाचा खोकला येतो, तोसुद्धा होता. मी वाकून चाकांमधून पाहिलं. पलीकडे दोनच पाय होते, अनवाणी, गोविंदचे.

"पाईपवाला सांगतो दमाचा क्लीनर घ्या. दादा काय ठरवतो ते त्यानं मला सांगितलेलं नाय, आनि मी इचारनार नाय. माज्या अंगात जोर ऱ्हायला नाय ही खरी गोष्ट हाय. पन त्याच्या डावीकडचं मलाच दिसतं रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." पुन्हा मीच. खोकल्यासकट.

मी आल्या पावली मागं फिरलो. आमची ही न्हाणीपाशी भांडी घासत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि राखेचा हात थांबवला.

"ऐकलंत?"

"हे कदीपासनं?"

"तुम्ही लाईनीवर गेलात तेव्हापासून. रोज सकाळी, त्या उभ्या गाडीपुढं. तुम्ही नीट पोचावं म्हणून मागणं घालायचे आणि तुमच्या आवाजात व्हय म्हणायचे. पहिल्या दिवशी मी चहाचं आधण टाकून धावत बाहेर आले होते. मला वाटलं, तुम्हीच आलात."

 चहा टाक म्हटलं.  माफी वगैरे मागायची आमच्या घरात पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंद ओटीच्या खांबाला टेकून उभा होता. नवी लुंगी नेसलेला, पण पायात चपला नाहीत, म्हणजे जायचं की नाही ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. मी फणसाखाली गेलो, चपला काढल्या, टोपी काढली आणि घोड्याच्या पुढं उभा राहिलो.

"गोविंद."

"काय दादा?"

"घाल."

"काय?"

"गाऱ्हानं. आनि डावीकडं बसायचंस तू. पाईप बांधायला त्याची मानसं हायत, तसं त्याला मी सांगीन. घाल आता, उशीर होतोय."

तो पुढं आला. डोक्यावर टोपी नव्हतीच, तरी त्यानं सवयीनं हात डोक्याकडं नेला. डोळे मिटले.  मग म्हणाला, "बा गावदेवा म्हाराजा... आमचा दादा लय आडमुठा हाय रे म्हाराजा."

मी म्हणालो, "व्हय म्हाराजा."

त्यानं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही डोळे गच्च मिटले आणि जे मागायला लागला ते थांबेचना. घोड्यासाठी मागितलं, पाटासाठी मागितलं, चाकाचाकासाठी मागितलं, हसनभाईंच्या गुडघ्यांसाठी, प्रकाशच्या नोकरीसाठी, त्या तपासणाऱ्या साहेबांसाठी, कोंबडीच्या पिल्लांसाठी मागितलं. माझ्या विडीचंही निघालं. मी कुठंच थांबलो नाही. प्रत्येक वेळी म्हटलं, आणि खोकलोही.

मग केबिनीत चढलो, चावी मारली. इंजिन नुसतं गुरगुरलं आणि बंद पडलं. पुन्हा मारली. पुन्हा तेच. मी डावीकडे पाहिलं. गोविंद हात मांडीवर ठेवून समोर बघत होता.

"दादा," तो म्हणाला, "आपन डिझेलचा कॉक उघडलाच नाय."

तो खाली उतरला, कॉक उघडला, परत डावीकडं चढला, आणि मी चावी मारायच्या आधी पत्र्यावर थाप मारून ओरडला, "जाऊ दे!"

मी चावी मारली आणि गाडी सोडली.