एक ठोका मागून, दोन ठोके मधून

"शनिवारी गाडी बघायला माणूस येतोय," मुलगी म्हणाली. "विकून टाकू या, बाबा. भर रस्त्यात मोडून पडली तर काय करणार तुम्ही?"

टेलरमास्तर शर्टाला काजं करत होते. त्यांनी मान वर केली नाही. "मोडत नाही ती. नुसता आवाज करते."

"कसला?"

"खट्."

"मग शनिवारच्या आत तो खट् कसला ते शोधा. दुरुस्त झाला तर गाडी मी वापरीन. नाहीतर द्यायची. तुमची काळजी करत ऑफिसात बसणं मला जमत नाही."

गाडी मास्तरांच्या बायकोची. ती नर्स होती. मागच्या चाकांवर चालणारी ती जुनी, लांबलचक गाडी घेऊन ती वर्षानुवर्षं हॉस्पिटलात गेली आणि परत आली. मास्तर गाडीत क्वचित बसायचे, आणि बसले की गल्ली संपायच्या आत घोरायला लागायचे. ती गेल्यावर गाडी दारात धूळ खात उभी राहिली, ते बघवेना, म्हणून त्यांनी स्वतः चालवायला घेतली होती.

मास्तरांना साखरेचा आजार. नर्सच्या घरात गोड बिस्किटाला थारा नव्हता. पण मशीनजवळ बटणांचा मोठा डबा होता, आणि बटणांच्या खाली क्रीमची बिस्किटं असायची. एवढ्या संसारात मास्तर एकदाही सापडले नाहीत. कोपऱ्यावर गटाराचं एक झाकण सैल होतं. बायकोची गाडी तिथे वळली की ते वाजायचं, आणि ती दारात पोचेपर्यंत डबा बंद, तोंड पुसलेलं, मशीन चालू. त्या झाकणाची कोणी तक्रार करू नये, एवढीच त्यांची नगरपालिकेकडून अपेक्षा होती.

मास्तर मेव्हण्याला घेऊन गॅरेजवर गेले. मेव्हणा भावंडांत धाकटा, म्हणून सगळे त्याला छोट्या म्हणत. आता तो दारातून आडवा होऊन आत यायचा, पण नाव काही बदललं नव्हतं.

"आवाज कधीपासून येतो?" मेकॅनिकने विचारलं.

"मी चालवायला लागल्यापासून. अगदी नवा आहे."

"क्लच सोडल्यावर येतो?"

"क्लच सोडला की खट्. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की परत खट्."

मेकॅनिक गाडीखाली वाकून बघून आला. "गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत हा लांब दांडा जातो. त्याला जॉइंट असतात. मागे डिफरन्शियल, म्हणजे चाकांना फिरवणारी पेटी. कुठेतरी ढिलं झालंय. पण नवा आवाज म्हणता, तर आधी मधला की मागचा ते ठरवू. एकाने मागे बसून ऐकायला पाहिजे."

मागच्या सीटवर छोट्या बसला, पण त्याच्याखाली सीटच एवढी कुरकुरली की दुसरं काही ऐकू येईना.

"भाऊजी, मी डिकीत बसतो," छोट्या म्हणाला.

"मावशील?"

"ताईची गाडी आहे. मावीन."

ठरलं असं, की आवाज मागून आला तर छोट्याने एक ठोका द्यायचा, मधून आला तर दोन. हवा राहावी म्हणून मास्तरांनी डिकीचं झाकण कापडी पट्टीने बांधून अर्धवट उघडं ठेवलं. गाठ त्यांनी टेलरच्या हिशेबाने मारली, म्हणजे दिसायला सुबक. मेकॅनिक शेजारी बसला आणि गाडी निघाली.

पहिल्याच खड्ड्याला गाठ सुटली आणि डिकी बंद झाली. पुढे बसलेल्या कोणालाच ते कळलं नाही.

"खट्," मेकॅनिक म्हणाला. "आला. आता ठोका ऐका."

मागून ठोके आले. एक, दोन, तीन.

"तीनचं काय ठरलं होतं?"

"तीनचं काही ठरलं नव्हतं," मास्तर म्हणाले.

मेकॅनिकने विचार केला. "एक अधिक दोन. म्हणजे मागूनपण येतो आणि मधूनपण."

पुढच्या वळणावर पाच ठोके आले.

"गिअरबॉक्सही गेलेला दिसतोय," मेकॅनिक हळू आवाजात म्हणाला.

त्यानंतर ठोके मोजण्यापलीकडे गेले. डिकीतून धडाधड आवाज येऊ लागला. मास्तरांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. "आता काय राहिलं?"

"मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. एवढी बिघडलेली गाडी मी आयुष्यात बघितली नाही. द्या शनिवारी."

चौकात सिग्नल लागला. मास्तरांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, तरी आवाज चालूच होता.

"गाडी उभी असताना दांडा कसा वाजेल?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात काचेपाशी वाहतूक पोलीस येऊन उभा राहिला. "डिकीत कोण आहे?"

"मेव्हणा."

"कशासाठी?"

"आवाज ऐकायला."

पोलिसाने क्षणभर कान दिला. आतून दबलेला सूर आला, "भाऊजी, उघडा हो."

"मलाही ऐकू आला," पोलीस म्हणाला. "गाडी बाजूला घ्या."

दणक्याने बंद झालेल्या डिकीला चावी लागेना. मेकॅनिकने पाना लावून बघितला, पोलिसाने ओढून बघितलं. अडकलेलं कुलूप कसं उघडायचं ते एकाच माणसाला माहीत होतं, आणि ती आता नव्हती. शेवटी मास्तरांनी मुलीला फोन केला. ती कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून आली. पोलीस, मेकॅनिक, वडील, सगळ्यांकडे तिने एकेकदा बघितलं. मग डिकीकडे पाठ केली, पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि कमरेने एक धक्का दिला. डिकी उघडली.

मास्तर बघत राहिले. धक्का अगदी तिच्या आईसारखाच होता.

छोट्या घामाने भिजून बाहेर आला. "मधून," तो धापा टाकत म्हणाला. "आवाज मधून येतो. दोन ठोके."

"मामा, आधी पाणी पी," मुलगी म्हणाली आणि त्याला सावलीत घेऊन गेली. पोलिसाने दोघांना समज दिली आणि जाता जाता आपल्या गाडीचाही एक आवाज मेकॅनिकला करून दाखवला.

गॅरेजात गाडी वर चढली. मेकॅनिकने दांडा हाताने हलवला. खट्. परत हलवला. खट्. मग तो कपाळाला हात लावून बसला.

"मास्तर, हा आवाज नवा कुठे? हा जुनाच जॉइंट. जुना आहे म्हणाला असता तर मी तेव्हाच सांगितलं असतं."

"मी कधी ऐकला नव्हता."

"कोपऱ्यावर तुम्हाला रोज ऐकू जायचा ना? सिस्टर म्हणायच्या." मेकॅनिकने हात पुसले. "मी दर सर्व्हिसला म्हणायचो, बदलू या. त्या म्हणायच्या, तपासून ठेव, फार ढिला झाला तर सांग, पण एवढ्यात बदलू नको. आवाज नाही आला तर मास्तरांना डबा झाकायला वेळ मिळायचा नाही."

"म्हणजे कोपऱ्यावर वाजायचं ते गटाराचं झाकण नव्हतंच," मास्तर म्हणाले.

"तसाच ठेवला तर?"

"आता नाही चालणार. तुटला तर दांडा रस्त्यावर पडेल."

"मग बदला," मास्तर म्हणाले.

शनिवारचा माणूस मुलीने परत पाठवला. गाडी आता लोण्यासारखी चालत होती. ऑफिसातून परतताना ती रोज बाबांकडे डोकावून जाणार होती. सोमवारी संध्याकाळी मास्तर मशीनवर बसले होते, डबा उघडा होता, कोपऱ्याकडे कान होता. कोपऱ्यावर काही वाजलं नाही.

"बाबा, काय खाताय?"

मुलगी दारात उभी होती. मास्तरांचं तोंड भरलेलं होतं.

"बटणं बघतोय," ते कसेबसे म्हणाले.

तिने डब्यात हात घातला, बटणं बाजूला केली, एक बिस्किट काढलं आणि शेजारच्या स्टुलावर बसून खाऊ लागली. "आईला माहीत होतं?"

"मला वाटायचं, नव्हतं."

मास्तरांनी तिला कोपऱ्यावरच्या खट्ची सगळी गोष्ट सांगितली, ती तिने ऐकून घेतली. बिस्किटं मात्र सगळी पर्समध्ये टाकून नेली.

मंगळवारी संध्याकाळी कोपऱ्यावर गाडीचा हॉर्न वाजला. एकदाच, हलका, कुणी आडवं आलेलं नसताना. मास्तरांनी चटकन डब्याचं झाकण लावलं, तोंड पुसलं आणि मशीन सुरू केलं. डब्यात नुसती बटणं होती.