परसातल्या नव्या किल्ल्याची मसलत

श्रीकुलदैवत समर्थ. कण्या टाकणाऱ्या हातांचे कल्याण असो, ऐकणाऱ्यांची पोटे भरलेली असोत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, आषाढ मास उतरणीस लागला ते समयी एका दौलतीत, जिचे नाव घेऊ नये, ऐसा प्रसंग उभा राहिला की राज्यात रयत मायेना. राज्य म्हणजे घरामागील परस, रयत म्हणजे कोंबड्या, आणि अंमल चंद्राक्का बाईसाहेबांचा. बाईसाहेबांनी माघात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसविली, आणि देवाने छप्पर फाडून दिले. पिलांच्या कोंबड्या नि कोंबडे जाहले, आणि जुन्या खुराड्यात एकाची चोच दुसऱ्याच्या शेपटात आणि तिसऱ्याचा पाय चौथ्याच्या पाठीवर, आणि पहाटे आरवू लागले म्हणजे खुराडेच आरवते ऐसा भास होई. मग बाईसाहेबांचे यजमान हणमंतराव, म्हणजेच रावसाहेब, कारखान्याची चाकरी संपवून नुकतेच घरी विसावलेले, यांनी सोप्यात बैठक घातली आणि फर्मान सोडिले, "खुराडं वाढवत बसन्यापरास चार तोंडं कमी करू. आखाडातला शेवटचा आयतवार हाय. दाजीस्नी सांगावा धाडतो." दाजी म्हणजे रावसाहेबांच्या भगिनीचे यजमान गणपतराव, ज्यांची तांबड्या रश्श्यावरील भक्ती पंचक्रोशीत जाहीर, त्यांस निरोप जाण्याचा अवकाश की होकार उलट पावली आला.

हे ऐकोन बाईसाहेबांनी कण्यांचे सूप खाली ठेविले. पिलू पिलू तळहातावर चारून वाढविलेले, आणि आता आपल्याच हाताने त्यांस फोडणी घालावयाची! एवढा आदितवार टळला तर श्रावण लागतो आणि महिनाभर सुरीस रजा. परंतु टळावा कैसा? तोंडावर नको म्हटले तर यजमान हट्टास पेटतात, हे इतक्या वर्षांच्या संसारात कळोन आलेले. मात्र दोन गोष्टी बाईसाहेब जाणून होत्या. एक, यजमानांस आखणीचे वेड. घरात खिळा ठोकावयाचा तरी आधी भिंतीची मोजणी होई. दुजी, या घराण्याची रीत ऐसी की ज्या जनावरास नाव ठेविले ते घरचे माणूस जाहले, आणि घरच्या माणसाचा रस्सा करीत नाहीत. थोरल्या सासऱ्यांनी ही रीत ऐसी पाळली की त्यांच्या गोठ्यात एक बोकड दाढी पांढरी होऊन, दात पडोन, म्हातारपणाने वारला.

मग बाईसाहेब गोडीने बोलिल्या, "आयतवारचं आयतवारी बगू. पर अवो, खुराडं तर मोठं करायच पायजे, आनि त्ये तुमच्याबिगर कुनाला जमनार?" इतके कानी पडताच रावसाहेब फुगले, कोळसा मागविला, आणि सोप्याच्या फरशीवर किल्ल्याचा नकाशा काढिते जाहले. उगवतीस महाद्वार, मुंगसाने सुरुंग लावू नये म्हणोन तळाशी विटांचा थर, बोक्याच्या स्वारीस आडवी दुपदरी जाळी, वर पत्रा, आणि अंडी घालण्यास कोपऱ्यात पडद्याची जागा. मग गाडे अडले ते काठीवर. रात्री बसावयाची काठी किती लांब घ्यावी, हे कोण कोणाशेजारी बसते आणि कोण कोणास टोचते ते ठरल्याविना उमजेना. म्हणोन दिवेलागणीस रयत खुराड्यात शिरली म्हणजे उभयता बॅटरी घेऊन पाहणीस जात आणि रावसाहेब सांगत, "ती पांढरी हितं, ती दुसरी पांढरी तितं, आनि तिच्या पल्याड पांढऱ्या मानंची."

"कोनची पांढरी वो? नावानं बोला की, म्हंजे घोटाळा हुनार न्हाई."

रावसाहेब भोळे. पांढरीस ठमाबाई केले, भांडखोरीस वकीलीणबाई, उगाच पंख झाडणाऱ्यास फडफडे सरदार, आणि मग ऐसा नाद लागला की जेवता जेवता घास हाती थांबवून म्हणत, "अगं, फडफड्याला ठमाबाईजवळ नगं बसवाय, लोक काय म्हनतील?" बाईसाहेब तोंडास पदर लावून हसत, आणि एकेक नाव पडे तसतसा एकेक जीव सुटे.

आदितवार उजाडला आणि दाजी भल्या सकाळी दाखल जाहले, वाटणाचा वास येत नाही म्हणोन कष्टी जाहले. रावसाहेबांनी सुरी घेऊन खुराड्याचे दार उघडिले, एकास धरिले, तो फडफडे; सोडिला. दुसरीस धरिले, ती वकीलीणबाई, तिने उलट टोचिले. येणेप्रमाणे सारी रयत हातून गेली आणि रावसाहेब कपाळास हात लावून बसले आणि बाईसाहेब चुलीपाशी गालात हसू दाबून उभ्या, इतक्यात परसातल्या पेरूच्या झाडावरून धप्पदिशी तांबडा कोंबडा उतरला. हा तांबडा पिलू असता घारीच्या नखांतून सुटला, त्यास बाईसाहेबांनी हळद भरून उशाशी जगविला. तेव्हापासून त्यास खुराडे मानवेना, तिन्हीसांज होण्याआधीच झाडावर निजे. म्हणोन पाहणीत तो आलाच नाही, काठीवर जागा नाही, आणि नावही नाही. साऱ्यांस तारिले आणि सर्वांत लाडका तोच उघड्यावर राहिला!

"ह्यो बगा, ह्यो बिननावाचा हाय," दाजी उठून उभे राहिले. "धरा!"

रावसाहेबांनी तांबडा उचलिला. बाईसाहेबांची सारी मसलत सरली, डोळ्यांत पाणी उभे राहिले. रावसाहेबांनी एकवार त्यांजकडे पाहिले, एकवार तांबड्याकडे, आणि घसा खाकरून बोलिले, "ह्येला हात लावता येत न्हाई, दाजी. नाव ठेवलंया."

"काय नाव?"

"गणपतराव. तुमच्यावरनंच. कालच ठेवलं की."

काल ऐसे काहीही जाहले नव्हते, हे बाईसाहेब पक्के जाणत. दाजी हळूच पुढे होऊन तांबड्यास न्याहाळू लागले, आणि मिशीवर हात फिरवून म्हणाले, "मान मातुर माज्यासारखीच ताठ हाय."

मग पिठले जाहले, भाकरी जाहल्या, खर्डा जाहला, आणि बाईसाहेबांनी रावसाहेबांच्या पानात, ते नको नको म्हणत असता, तुपाची धार धरिली ती धरूनच ठेविली. श्रावणात किल्ला उभा राहिला. तात्पर्य, मसलत राणीची, परंतु ऐन वेळी राज्य राखिले ते राजाने, थाप मारून. रक्त सांडले नाही, आणि एकट्या रश्श्याचा पराभव जाहला.