पुण्याचे अठरा

बुडबुड थांबली होती.

गॅरेजमधून येणारा तो आवाज ऐकू यावा म्हणून हिमानी चहा घेतानाही दार किलकिलं ठेवायची. नेपरव्हिलच्या त्या घरात दिवसभर तिच्याशी बोलणारं दुसरं होतंच कोण? सिद्धेश सोमवारी डॅलसला क्लायंटकडे जायचा, तो गुरुवारी उगवायचा. या सोमवारी गॅरेजमधल्या, घरी बिअर आंबवायच्या जुन्या फ्रिजकडे बोट दाखवून म्हणाला होता, "माझी बिअर तुझ्या भरवशावर. अठरा डिग्री, बस्स. मागची नासली, यार."

अमेरिकेत येऊन दोन महिने झाले होते, आणि नवऱ्याने सोपवलेलं हे पहिलंच काम. काल संध्याकाळी बघते तर फ्रिजच्या कंट्रोलरवर चौसष्ट! "वेंधळा कुठला," म्हणत तिने काटा अठरावर आणला. (कोण वेंधळं, ते पुढे येईलच.)

आज फ्रिज उघडला तर बिअरचा काचेचा बुधला बर्फासारखा गार. घरात टीव्हीवर हवामानवाली बाई सांगत होती, "चोवीस डिग्री, दिवसभर बर्फ."

चोवीसला बर्फ? हिमानीने वाकून कंट्रोलर पाहिला. आकड्यांपुढे बारीक F होता. सिद्धेशचे अठरा पुण्याचे होते, कंट्रोलरचे अमेरिकेचे!

सिद्धेशचा सेल तीनदा व्हॉइसमेलवर गेला. तिच्याकडे दुसरा नंबर एकच, मराठी मंडळातल्या सरलाकाकूंचा. संक्रांतीला म्हणाल्या होत्या, "काही लागलं तर कळव गं." तिथेही मशीनच. बीप वाजताच ती दचकली. काकूंपुढे 'बिअर' कसं म्हणायचं?

"काकू, मी हिमानी. ते... सिद्धेशचं... आतली हालचाल थांबलीय हो. कालपर्यंत छान होती. चूक माझीच. त्याला अजून सांगितलेलं नाही."

मग तिने कंट्रोलर पुन्हा चौसष्टवर केला, बुधल्याला सोलापुरी चादर गुंडाळली आणि त्याला टेकून बसली. "बोल ना रे," ती म्हणाली. "तू तरी बोल."

दोन तासांनी आवाज आला. बुडुक.

हिमानी धावत फोनकडे गेली. या वेळी काकूंनी पहिल्याच रिंगला उचलला.

"हिमानी? उठलीस कशाला? पडून राहा! मंडळातल्या शरयू आणि कांचन तुझ्याकडे निघाल्यात, मी चपला घालतेय. आणि मंडळाच्या यादीतून सिद्धेशचा नंबर काढला. माझा फोन लगेच उचलला हो त्याने! विमानतळावर निघालाय बिचारा. पण कितवा महिना, ते त्यालाही ठाऊक नाही म्हणे!"