येऊन का

छापखान्यात त्यांना सगळे 'अनुस्वार' म्हणायचे. बुटके, गोल आणि सदानकदा कुणाच्या तरी डोक्यावर बसलेले, म्हणून. एकतीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली, म्हणजे मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका लाल पेन्सिलीनं काढल्या, आणि निवृत्त होताना पेन्सिल घरी आणली. (छापखान्याला ती परत हवी होती, पण मागायची छाती कुणाची?) तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक कागद, मग ते पाण्याचं बिल का असेना, तपासल्याशिवाय पुढे जात नसे.

त्यांची एक लाडकी गोष्ट होती. एका औषधाच्या माहितीपत्रकात 'उपाशीपोटी घेऊ नये' असं हवं होतं, तिथं छपाईसाठी अक्षरं जुळवणाऱ्यानं 'उपाशीपोटी घेऊन ये' असं जुळवलं होतं. अक्षरं तीच, फक्त मधली मोकळी जागा एका घरानं सरकलेली. अनुस्वारांनी ती पकडली आणि कित्येकांची पोटं वाचवली. "आधी जागा बघा, मग अक्षर," असं ते प्रत्येक नव्या माणसाला बजावायचे. बायकोनं ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की शेवटचा 'ये' तीच म्हणायची.

तर अशा माणसाला नोव्हेंबरच्या सुरुवातीला फोनवर लेकीचा निरोप आला. लेक-जावई दूरच्या एका थंड, डोंगराळ गावात राहायचे आणि दर डिसेंबरात हे दोघं पंधरा दिवस त्यांच्याकडे जायचे. निरोप असा होता: 'डिसेंबरात आम्ही सगळे स्कीला जातोय तुम्ही येऊन का'.

लेकीचे निरोप नेहमी एवढेच, एका ओळीचे. त्याला कारण अनुस्वार स्वतःच. बारा वर्षांची असताना तिला वसतिगृहात ठेवलं होतं. तिथून तिनं चार पानी पत्र लिहिलं होतं, खोलीतल्या मुली बोलत नाहीत, करमत नाही, मला न्यायला या. अनुस्वारांनी एक अख्खा रविवार त्या पत्राला दिला, तेवीस चुका काढल्या, तळाशी 'एकूण ठीक. अक्षर सुधारावे.' असं लिहिलं आणि पत्र उलट टपाली परत पाठवलं. त्यांना वाटलं, बापानं यापेक्षा जास्त माया ती काय करायची! पुढे तिचं अक्षर खरंच सुधारलं, पण पत्र काही पुन्हा आलं नाही.

म्हणून हा निरोप त्यांनी चष्मा पुसून चार वेळा वाचला. 'येऊन का' हे काही मराठी नव्हे. उघड आहे, घाईत एक शब्द गळला. त्यांनी तो बिलाच्या पाठीवर लाल पेन्सिलीनं भरला: 'तुम्ही येऊन जाता का?' लेकीनं बोलावलं होतं. नेहमीसारखं हे आपण होऊन जाणं नव्हतं, तिनं बोलावलं होतं, आणि तेही स्कीला!

बायकोनं खांद्यावरून निरोप वाचला. "अहो, नीट वाचलंत ना?"

"एकतीस वर्षं काय केलं मग मी?" असं म्हणून अनुस्वार शीळ घालायला लागले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच.

आता स्की म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचं. माणूस एरवी घसरू नये म्हणून जपतो आणि इथं त्यासाठी मुद्दाम तिकीट काढून जातो. लेकीसमोर फजिती नको, म्हणून घरच्या घरी सराव करायला एखादं मशीन घ्यावं, असं अनुस्वारांनी ठरवलं.

व्यायामाच्या मशीनच्या दुकानात एक शांत स्वभावाची बाई होती. तिनं मशीन कशासाठी हवंय ते विचारलं, मग वय विचारलं. माझं की गुडघ्यांचं, असं अनुस्वारांनी विचारल्यावर ती समजायचं ते समजली. तिनं बिचारीनं अगदी नीट सांगितलं, की उतारावर सगळा भार मांड्यांवर आणि गुडघ्यांवर येतो, तोल सांभाळावा लागतो, पण तुमच्या वयाला सुरुवातीला सायकलच बरी. ट्रेडमिल पट्ट्याबरोबर चालवत नेईल, दोऱ्या ओढायच्या मशीननं खांदे भरून येतील. आणि ते कोपऱ्यातलं, डावीकडून उजवीकडे घसरायचं, ते तरण्या पोरांचं आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

अनुस्वारांनी सगळं ऐकून घेतलं आणि चारही मशीनच्या माहितीपुस्तिका मागितल्या. मग स्टुलावर बसून खिशातून पेन्सिल काढली. ट्रेडमिलच्या पुस्तिकेत चौदा चुका निघाल्या आणि 'पाठ ताट ठेवा' ही त्यांतली सगळ्यात सौम्य. सायकलवाल्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत 'पेढल' मारायला सांगितलं होतं. दोऱ्यांच्या मशीनवर तर श्वास 'सोडून घ्या' की 'सोडू नका' याचाच पत्ता नव्हता. घसरायच्या मशीनच्या पुस्तिकेत मात्र एकही चूक नव्हती. (त्यात नुसती चित्रं होती, हे बाईनं दाखवून दिलं. त्यांनी तिकडे काणाडोळा केला.) "ज्यांनी कागदावर चूक केली नाही ते लोखंडात काय करणार?" असं म्हणून त्यांनी तेच घेतलं.

मशीन घरी आलं आणि घर लहान झालं. वाकड्या दांड्यावर दोन पावट्या, त्यांवर उभं राहायचं, रेटा दिला की डावीकडे जायचं, दुसरा रेटा दिला की उजवीकडे. डावीकडे कपाट होतं, उजवीकडे खिडकीचा पडदा. पहिल्याच रेट्याला अनुस्वार डावीकडे गेले आणि परत आले नाहीत. स्प्रिंग अडकली होती, गाल कपाटाला टेकला होता आणि खाली उडी मारायचा धीर होत नव्हता. शेवटी बायकोनं पावटीला लाथ घातली तेव्हा ते सुटले आणि थेट पडद्यात जाऊन थांबले. खालच्या मजल्यावरचा शिंपी वर येऊन लाकूड कापताय का म्हणून विचारून गेला.

पण मानलं पाहिजे, त्यांनी सोडलं नाही. रोज सकाळी अर्धा तास. कपाट, पडदा, कपाट, पडदा, आणि अधूनमधून बायकोची लाथ. महिन्याभरात पोट उतरलं, पँटला पट्टा लागायला लागला. बायकोनं आणखी दोनदा विचारलं, नीट वाचलंत ना म्हणून. दोन्ही वेळा त्यांनी तिला औषधाची गोष्ट ऐकवली. मग तिनं विचारणं सोडून दिलं.

डिसेंबर लागला. अनुस्वारांनी लेकीला कळवलं: 'गुडघे तयार आहेत. कोणत्या गाडीनं निघू?' आणि मशीनवर चढले. कधी फोन न करणाऱ्या लेकीचा पाच मिनिटांत फोन आला. त्या गडबडीत रेटा जोरात बसला, स्प्रिंग अडकली, आणि अनुस्वारांनी कपाटाला टेकूनच फोन घेतला.

"बाबा, निघू म्हणजे? कुठे?"

"स्कीला. तू बोलावलंस ना? एक शब्द गळला होता तुझा, पण मी घेतला भरून."

"बाबा, मी 'येऊ नका' लिहिलं होतं. आम्ही घरी नसणार ना, तुमची खेप फुकट जायला नको म्हणून."

अनुस्वारांनी मनातल्या मनात ती ओळ पुन्हा वाचली. अक्षरं तीच. नुसती जागा सरकलेली.

"हो का," ते म्हणाले. "बरं झालं. मलाही जमणार नव्हतं, छापखान्यात काम आहे."

निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. लेकीला ते माहीत होतं. मग आता तुम्हीही चला, असं ती म्हणेल म्हणून त्यांनी थोडं थांबून पाहिलं. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यांना फार, फार वाईट वाटलं. बायकोनं पावटीला लाथ घातली, पण स्प्रिंग सुटेना, म्हणून ती नुसतीच त्यांना धरून उभी राहिली.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी कपाटाला विचारावं तसं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही शीळ घालत होतात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अनुस्वारांनी लेकीला पत्र लिहायला घेतलं. कागदावर, हातानं, चार पानं. इतकं त्यांनी जन्मात कुणाला लिहिलं नव्हतं. मशीनचं लिहिलं, पडद्याचं लिहिलं, शिंप्याचं लिहिलं. शेवटच्या पानावर लिहिलं: 'तुझ्या वसतिगृहाच्या पत्रात मी तेवीस चुका काढल्या. चोविसावी माझी होती. तू "मला न्यायला य" असं लिहिलं होतंस. मी काना दिला, पण आलो नाही. तू आता मनाला लावून घेऊन कोस.' पत्र त्यांनी पुन्हा न वाचता पेटीत टाकलं. पुन्हा वाचलं असतं तर टाकलं नसतं, हे त्यांना माहीत होतं.

नऊ दिवसांनी फोनवर लेकीकडून एक फोटो आला. चारही पानं ओळीनं मांडलेली होती आणि त्यांवर लाल पेनाच्या खुणा होत्या. तीन वेलांट्या दुरुस्त केलेल्या. 'घेऊन कोस'भोवती गोल करून 'न' पुढे सरकवायची खूण, अगदी छापखान्यात करतात तशी. आणि तळाशी, सुधारलेल्या सुंदर अक्षरात: 'एकूण ठीक. अक्षर सुधारावे.'

बाकी एक शब्द नाही. पुढच्या डिसेंबराचं नाही, कधी या असंही नाही. अनुस्वारांनी सगळ्या खुणा तपासल्या. सगळ्या बरोबर होत्या. दुसऱ्या पानावर एक ऱ्हस्वदीर्घ तिच्या नजरेतून सुटलं होतं. त्यांनी पेन्सिल उचलली, आणि परत खाली ठेवली.

"काय म्हणते?" बायकोनं आतून विचारलं.

"अक्षर सुधारा म्हणते."

"मग सुधारा. लिहा अजून चार पानं."

खोलीत बसायला दुसरी जागा उरली नव्हती, म्हणून ते डोळे पुसून मशीनच्याच पावटीवर बसले, मांडीवर वही घेतली आणि वर तारीख घातली. मग बऱ्याच वेळानं 'प्रिय' लिहायला घेतलं. 'य' काढताकाढता मशीन डावीकडे सरकलं आणि 'य'चं शेपूट पानाबाहेर, थेट कपाटावर गेलं.

अक्षर काही सुधारलं नाही.