केशवची बाज

घर बांधाची जागा पाहाची असली त माणूस काय करते? पायानं मोजते, पाणी किती दूर आहे थे पाहते, चार लोकांले विचारते. माझा साळा केशव बाज घेऊन जाते. डोक्यावर उलटी बाज, तिचे चार पाय आभाळाकडे, आणि खाली केशव. जागेवर बाज टाकते, आडवा होते, डोळे मात्र उघडे. थोड्या वेळानं उठते, बाज हातभर सरकवते, पुन्हा पडते. कोणी विचारलं त म्हणते, "जागा पडून पाहाव लागते गा. उभ्यानं साऱ्याच जागा चांगल्या दिसतेत."

ही त्याची जुनी खोड. ग्रामपंचायतीचा नवा हॉल झाला, सरपंच हार घालून भाषण करून राहिले, आणि केशव मागं फरशीवर सरळ लंबा. लोकांले वाटलं, चक्कर आली. पाणी आणलं, कांदा आणला. हा उठून म्हणते, "थंड हाये, पन पावसाचं पानी इकडं येईन." जवानीत पोरगी पाहाले गेला त पोहे खाऊन तिच्याच अंगणात पडला. पोरीच्या बापानं उठवलं, पुन्हा पडला. लग्न राहिलं थे राहिलंच.

तसा हा आमच्या गावचा नाही. दिघोरीचा. माझ्या लग्नात भागरतासंग पाठराखा म्हणून आला होता. नव्या नवरीसोबत लहाना भाऊ येते, चार-आठ दिवस राहते, परत जाते. हा परत गेलाच नाही. केस पिकले, दात पडले, कोणी विचारलं त म्हणे, "भागरताबाईले आजून करमत नाई इथं."

आमचं गावही आता गाव राहिलं नाही. धरणाचं पाणी आलं, खालची वस्ती बुडाली, उंचावरच्या दोन टोल्या तेवढ्या वाचल्या. एक मोहटोली, तिथं मी राहतो. दुसरी चिचटोली. मधात पाणी, चहूकडं पाणी, दोन्ही बेटंच झाली. मोबाईलले टावर लागत नाही. तिकडं काही सांगाचं असलं त डोंगा काढा, नाही त काठावर उभं राहून हाक मारा. पाण्यावरून हाक लय दूर जाते. लग्नाचं आवतन बी हाकेनं आणि भांडण बी हाकेनंच.

केशव दोन्ही टोल्या सोडून खालच्या बांधावर एकटा झोपडीत राहे. रोज दिवस बुडाला की भागरता काठावर जाऊन हाक मारे, "केशव, भाजी काय केली रे?"

तिकडून येई, "वांगे."

"खोटं नको बोलू. धूर कुठं हाये?"

मंग डब्बा भरून डोंगेवाल्यापाशी देई. मी म्हणो, हे काय रोजचं नाटक आहे. भागरता म्हणे, तुम्ही चूप बसा.

माघात भागरता गेली. ताप आला आणि गेली. त्यावर जास्त सांगत नाही. तिले अंगणात भुईवर ठेवलं होतं. आम्ही मसणातून परत आलो, त केशव तिच्याच जागेवर जाऊन पडला. बाया तोंडाले पदर लावून पाहून राहिल्या. असं कोणी करते का? मी हात धरून उठवाले गेलो, त म्हणते, "जमीन लय थंड हाये भाऊजी. तिले लागली असन." मी त्याचा हात सोडून दिला.

उन्हाळ्यात दवंडी आली, यंदा पाणी आणखी चढवणार. केशवची झोपडी जाणार हे पक्कं झालं. दोन्ही टोल्यांनी त्याले जागा दिली. म्हणे, पाहून घे, कुठं राहाचं.

मी माझ्या घराला लागूनची जागा साफ केली. तरोटा उपटला, गोटे काढले, बांबू आणून ठेवले, भिंतीसाठी दोन ताट्या विणल्या. त्याले काही म्हणलो नाही. म्हणाचं काय आहे त्यात? भागरता गेल्यावर माझी चूल चहापुरती पेटे. सकाळचा भात संध्याकाळी मिठासंग खात होतो. बाजूले माणूस असला त दोन शब्द होतेत, एवढंच.

केशव बाज घेऊन आला. पडला. इकडं सरकवली, तिकडं सरकवली. आठवडाभर हेच, आणि तेही दिवस बुडताना. शेजारचा घनश्याम म्हणे, "मामा, मच्छर मोजून राहिले का?" केशव उठला, बाज डोक्यावर घेतली. म्हणाला, "इथून काई दिसत नाई."

मी म्हणलो, "माझं घर तुझ्या नाकापुढं आहे. ते दिसत नाही?"

"थे त लयच दिसते," म्हणाला, आणि डोंग्यात बसला.

चिचटोलीवाल्यांनी त्याले हातपंपाजवळची चांगली जागा दिली होती. तिथं तो एकदा पडला आणि उठला. मंग बाज घेऊन टोलीच्या पार टोकाले गेला. तिथं नुसता खडक. उन्हानं भाजते, वाऱ्यानं झोडपते, कुत्रं बी बसत नाही. तिथं पडला आणि उठलाच नाही. तिथूनच हाक मारली, "भाऊजी, इथं बांधतो."

मी साफ केलेल्या जागेत उभा होतो. खालीच बसलो. ताट्या पाहिल्या, बांबू पाहिले. मंग डोंगा काढला आणि गेलो.

"काहून रे? माझी जागा काय वाईट होती?"

"वाईट नाई."

"मंग?"

"तुमच्याजवळ राहून काय करू?" केशव म्हणाला आणि खडकात मेख ठोकाले लागला. मेख वाकली. त्यानं दुसरी घेतली.

बहिणीच्या जिवावर उभा जन्म काढला, आणि बहीण गेली त भाऊजी कोणाचा? असं मनात आलं. तोंडावर बोललोही. त्यानं मान हलवली आणि ठोकतच राहिला. मी परत आलो. बांबू घनश्यामले देऊन टाकले, ताट्या बी.

पाणी चढलं. खालची झोपडी गेली. खडकावर केशवची नवी झोपडी उभी झाली, माझ्या घराकडं पाठ करून नाही, तोंड करून. मी तिकडं पाहणं सोडलं होतं.

एका दिवशी दिवस बुडत होता. मी सकाळचा भात ताटात घेतला, मीठ घेतलं. तेवढ्यात पाण्यावरून हाक आली.

"भाऊजी, भाजी काय केली गा?"

घास ताटात ठेवला. माघापासून ही हाक कोणी मारली नव्हती. मी बाहेर आलो आणि काय बोलाव हे न समजून ओरडलो, "वांगे."

"खोटं नका बोलू. धूर कुठं हाये?"

काठावर जाऊन नीट पाहिलं. खडकावर बाज टाकली होती आणि केशव कुशीवर पडून होता, तोंड इकडं. त्या जागेवरून, मधात ना झाड ना भिंत, माझ्या रांधणीखोलीचं छपरच दिसते. तेवढंच दिसते.

"मंग जवळ काहून नाही आला रे?" मी ओरडलो. दोन्ही टोल्यांतले लोक बाहेर येऊन पाहून राहिले होते.

"जवळ राहिलो असतो त हाक कायले मारली असती?"

मी मागं वळून छपराकडं पाहिलं.

"पेटवा," तो म्हणाला. "मी पडून हावो."

आत गेलो. टोपल्यात घनश्यामच्या बायकोनं दिलेले वांगे सुकून पडले होते. लाकडं ओली होती. फुंकून फुंकून डोळे भरले, घर सारं धुरानं भरलं, मंग तो धूर छपरातून निघाला.

"हां," पाण्यावरून आवाज आला. "आता दिसला."