बुरशी : निरंक

बुरशीला लहानथोर कळत नाही. ओल, ऊब आणि वर झाकण, एवढं मिळालं की ती सुखाने संसार थाटते. हे सत्य पाव कारखान्याचे मुख्य तपासनीस रोज सकाळी पॅकिंगवाल्यांना कानीकपाळी ओरडून सांगत.

स्वतःच्या कॉन्टॅक्ट लेन्स मात्र ते नळाच्या पाण्यात, घट्ट झाकणाच्या डबीत, गिझरवर ठेवत. (परिपत्रक पावापुरतं होतं, डोळ्याचा त्यात उल्लेख नव्हता.) लेन्सचं कारण घरगुती होतं. "अहो, चष्म्यात तुम्ही थेट माझ्या बाबांसारखे दिसता," असं बायको एकदा बोलून गेली आणि दोघंही अवघडले.

नियमाप्रमाणे तपासणी भिंगातून, फक्त उजव्या डोळ्याने करायची. (डावा राखीव.) एके दिवशी त्या डोळ्याला प्रत्येक पावावर डाग दिसू लागले. शंभरापैकी एकशे चार पाव बाद झाले. चार दोनदा तपासले होते.

"साहेब, आत्ता भट्टीतून काढलाय, हात भाजतोय!" भट्टीवाला काकुळतीला आला.

"गरम बुरशी," साहेबांनी शेरा मारला. प्रयोगशाळेने पाव निर्दोष ठरवले, तेव्हा प्रयोगशाळा बाद झाली.

मग डोळा लालबुंद झाला, ठणकू लागला, बुबुळावर पांढरा ठिपका आला. आता त्यातून सगळंच शुभ्र दिसे. शेरा एकच, "बुरशी : निरंक". दुकानांतून परत आलेला शिळा मालसुद्धा पास झाला, विक्री दुप्पट झाली, व्यवस्थापकांनी पाठ थोपटली. तपासनिसांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं डाव्या डोळ्यातलं आनंदाचं होतं.

शेवटी बायकोने दंडाला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"बुबुळावर बुरशी आहे, लेन्समुळे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बघ! मी कधीपासून ओरडतोय, बुरशी आहे, बुरशी आहे!" तपासनीस हर्षाने उडाले.

"मिरवा आता! डोळा जाईल ना हो!" बायको रडू लागली, तेव्हा कुठे साहेब परत खुर्चीत बसले. पुढे किती तरी दिवस तासातासाला औषधाचे थेंब घालत दोघंही जीव मुठीत धरून होती.

डोळा वाचला. चष्मा परत आला. (सासरे खूश झाले.) कामावर येताच तपासनिसांनी त्या काळात पास केलेल्या मालाचे राखून ठेवलेले नमुने काढले, तर एकूण एक पावाला हिरवी दाढी. ते धावत तक्रार विभागात गेले. तिथे एकही तक्रार नव्हती. उलट, पाव अलीकडे भलताच चवदार लागतो असं कळवणारी पत्रं मात्र ढिगाने होती, आणि त्यांत तुमचंही होतं.