सोपानभाऊजींचं मरीन इंजिनिअरिंग

आमच्या सुमनच्या घरी कधी गेलात आणि तहान लागली, तर निळ्या नळाचं पाणी प्या. हिरव्या नळाला हात लावू नका. काळ्याचं तर नावच काढू नका, तिकडून मोरीचं सांडपाणी जातं. गोठ्याकडं एक लाल पाईप गेलाय, तो आग लागली तर उघडायचा. आग अजून लागली नाही, पण रंग ओला असताना म्हशीनं त्याला अंग घासलं. पुढं महिनाभर ती एका कुशीला लाल होती.

हे सगळे रंग सोपानभाऊजींनी स्वतः दिलेत. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, सुमन त्यांची बायको आणि माझी जाऊ. आमची घरं भिंतीला भिंत लागून. बोटीच्या इंजिनरूममध्ये म्हणे पाईपांना असेच रंग असतात. समुद्राच्या पाण्याला हिरवा, गोड्या पाण्याला निळा. आता भांडगावात समुद्र कुठून आणायचा? पण भाऊजींचं काही अडलं नाही.

"बोअरचं पाणी खारं हाय का न्हाई? मंग त्यो समुद्र. कॅनॉलचं गोडं."

तेव्हा ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती. दोन्ही पॅनलची माणसं पाईप बघून गेली. एकानं सरळ विचारलं, "सोपानराव, हे रंग नक्की कुणाचे? तुम्ही कुणाकडून?" भाऊजी ब्रश न थांबवता म्हणाले, "आपुन बोटीकडून." संध्याकाळपर्यंत गावभर झालं की कुणा अपक्षाला बोट चिन्ह मिळालंय आणि सोपानराव त्याचा प्रचार करतायत.

तर हे बोटीचं खूळ आलं कुठून, ते सांगते.

आमच्या सासऱ्यांची मेंढरं होती. वर्षातले आठ महिने सगळं बिऱ्हाड पाठीवर. भाऊजींना लहानपणी मेंढरांपेक्षा वाटेत बंद पडलेल्या ट्रकचीच ओढ जास्त. दहावीत दोनदा आपटले आणि हायवेला गॅरेज टाकून मोकळे झाले. ट्रॅक्टर, पंप, जनरेटर, डिझेल पिणारं काहीही आणा. त्यांना दोन लेकरं. थोरला महेश कॉम्प्युटरमध्ये, बंगळुरूला. आणि बऱ्याच वर्षांनी झालेली ऋतुजा. ही शाळेतून आली की दप्तर टाकून गॅरेजात पाने-पक्कड पुसत बसायची. बारावी झाल्यावर तिनं एक दिवस जेवताना सांगितलं, मला मरीन इंजिनिअरिंग करायचंय, बोटीच्या इंजिनावर काम करायचंय.

सुमन दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती एवढंच, "पोरीला पवायला येत न्हाई."

ॲडमिशनच्या आधी कॉलेज बघायला सुमन काही येईना, म्हणून मी गेले. पुण्याकडचं कॉलेज, पांढऱ्या कपड्यातली पोरं कडक चालत होती. एका सरांनी आम्हाला फिरवून सगळं दाखवलं. दुमजली घराएवढं इंजिन. भाऊजींनी त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या, हात लावून बघितलं आणि विचारलं, "सर, मदी समुद्रात हे बंद पडलं तर ढकलायला कोण येतं?"

सर हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "कुणीच येत नाही हो. म्हणून तर चार वर्षं शिकवतो."

येताना यवत गाव मागं पडलं तसे भाऊजी म्हणाले, "वैनी, पोरीला घालायची हितंच."

त्या दिवसापासून ते वाक्य त्यांच्या तोंडी बसलं. सुमनच्या हातून भाकरी करपली, की "सुमन, तिथं ढकलायला कुणी न्हाई." माझ्या टीव्हीचा रिमोट बिघडला, की "वैनी, शिकून घ्या, तिथं ढकलायला कुणी न्हाई." मी म्हटलं, मला कुठं जायचंय बोटीवर? पण ऐकतंय कोण.

ऋतुजा दर पंधरा दिवसांनी शनिवारी घरी यायची. पोरगी आल्याआल्या सुमन चहा टाकायची आणि भाऊजी वही काढायचे. "हां, काय काय शिकवलं?" की झालं सुरू. पोरगी सांगणार, हे मराठीत लिहून घेणार.

"आप्पा, आधी चहा तरी पिऊ द्या."

"पी की. कानानं थोडीच पितीस? सांगत सांगत पी."

पहिल्या वर्षाचं गणित निघालं तेव्हा मात्र त्यांनी हात टेकले. इंटिग्रेशनचं ते वाकडं चिन्ह बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ह्ये तू एकटीनं कर. फुडचं सांग." पण इंजिन आलं की पोरीला पाणी पाजायचे. बोटीवर चार तास पाळी, आठ तास सुट्टी, परत चार तास, असं तिनं सांगितलं तर म्हणाले, "लई बेस हाय की. आमच्या शेतीपंपाची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आमास्नी कुणी मोजून सुट्टी दिली?"

दुसऱ्या वर्षी त्यांनी परीक्षाच दिली. ऋतुजाकडून जुना पेपर आणवला, गॅरेजात टेबल पुसून बसले आणि मला सुपरवायझर केलं. तीन तास हलायचं नाही. उसाचा ट्रॅक्टर घेऊन एकजण आला, त्याला मीच सांगितलं, थांबा, पेपर चालू आहे. तो बिचारा टायरवर बसून राहिला. तासाभरानं म्हणाला, "आप्पा, किती प्रश्न ऱ्हायले? न्हाई, उसाचं वजन कमी व्हतंय उन्हानं."

ऋतुजानं लाल पेनानं पेपर तपासला आणि अडतीस मार्क दिले. भाऊजींचं तोंड पडलं. "ह्ये रिचेकिंगला टाकनार मी."

"टाका. प्रश्न होता पिस्टन रिंग का झिजतात. तुम्ही भांडगावच्या तीन गिऱ्हाइकांची भांडणं लिहिलीत."

"त्यांच्याच रिंगा झिजल्या व्हत्या."

मग झोपाळा. आपल्याला बस लागते तशी तिथं बोट लागते, हे त्यांना कळलं. कडुलिंबाला चार दोर बांधून फळी टांगली. पोटाला सवय पाहिजे म्हणाले, आणि पोरीला बसवायच्या आधी स्वतः बसले, मांडीवर पिठलं-भाकरीचं ताट घेऊन. एका बाजूनं मी ढकलायचं, दुसऱ्या बाजूनं सुमननं. चार-पाच हेलकावे झाले, भाऊजी झोकात. "जोरात. वादळ हाय म्हना." दहाव्या हेलकाव्याला बोलणं बंद झालं. पुढचं लिहीत नाही, समोरच सुमनची मिरची वाळत होती तेवढं सांगते. सुमन म्हणाली, "पोरगी जायची तवा जाईल. तुमी आदी उतरा." ऋतुजा हसून हसून खाली बसली होती. मग उठली, त्याच फळीवर बसून दोन भाकरी खाऊन उतरली.

अशी चार वर्षं गेली. लोक चेष्टा करायचे, मीही करायची. शेवटच्या वर्षी एका दुपारी मी गॅरेजात चहा घेऊन गेले, तर हे चष्मा लावून वहीत कसल्याशा टाकीचं चित्र काढत बसलेले. मी म्हटलं, "भाऊजी, पोरगी शिकतेय ते पुरे नाही का? तुम्हाला कोण बोटीवर घेणार आहे या वयात?"

त्यांनी चहा घेतला. म्हणाले, "वैनी, आपल्या महेशचा फोन ऐकलाय का तुमी?"

ऐकला होता की. दर रविवारी येतो. जेवलास का, जेवलो. तुम्ही? जेवलो. पाऊस? न्हाई. बरं, ठेवू? ठेव. चहा निवायच्या आत संपतो.

"त्यो काय काम करतो, मला ठावं न्हाई. नोकरी लागली तवा एकदा इचारलं. म्हनला, आप्पा, तुमाला नाही समजायचं ते. चिडून न्हाई हां, मायेनंच म्हनला. मी बी म्हनलं, जाऊ दे. आन् वैनी, तिथंच बोलनं संपलं बघा. पोरगं वंगाळ न्हाई. पर त्याला बी कळंना काय सांगावं, मला बी कळंना काय इचारावं." पेनचं टोपण लावत म्हणाले, "आता ही चालली बोटीवर. सा सा म्हैने. सुमन इचारंल, काय खाल्लं. मी काय इचारू? माज्याकडं काय तरी पायजे का नगं?"

मी कप विसळून घरी आले.

ऋतुजा पास झाली, बोट मिळाली, गेली. जाताना रडली ती सुमन आणि मी. भाऊजी तिला बॅगेच्या चेन तपासून दाखवत होते.

महिन्याभरानं एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. आवाज तुटत होता. सुमननं विचारलं, काय खातेस? सगळं मिळतं आई, मजेत आहे. मी विचारलं, थंडी आहे का गं? नाही मोठ्या आई, इथं गरमच असतं. झालं आमचं. एवढ्यातच संपलं. फोन भाऊजींकडं गेला.

"कोन्तं वॉच? कवाची पाळी?"

"आठ ते बारा, आप्पा."

"प्युरिफायर काय म्हनतोय?"

प्युरिफायर म्हणजे डिझेल गाळायचं यंत्र, एवढं मलाही चार वर्षांत कळलं होतं. पलीकडून पोरीचा आवाज एकदम बारीक झाला. म्हणाली, "आप्पा, परवा मी तो खोलून साफ केला. बसवताना आतली रबरी रिंग नीट बसली नाही. सगळं तेल घाणीच्या टाकीत गेलं. सेकंड इंजिनिअर सगळ्यांसमोर बोलले मला."

सुमन पुढं सरकली, भाऊजींनी तिला हातानंच थांबवलं.

"रिंग जुनी व्हती का नवी?"

"जुनीच परत घातली मी."

"बसवायच्या आदी रिंगंवरनं हाताचं बोट फिरवून बघितलं व्हतं?"

"नाही आप्पा. घाई झाली."

"मंग? परत कुनी खोलला?"

"मीच. एकटीनं. आता नीट चालू आहे."

"नीट म्हंजी कसं? सांग की."

आणि पोरगी सांगायला लागली. आधी अडखळत, मग भरभर. स्टोअररूममध्ये जाऊन रडले तेही मधेच सांगून टाकलं, प्रेशर किती आहे ते सांगायच्या आधी. भाऊजी नुसतं "हां, मग?" म्हणत होते. तिचं नेट संपेपर्यंत दोघं बोलत राहिले. शेवटी ती कशावरून तरी हसली, तेही ऐकू आलं.

फोन ठेवला तशी सुमन म्हणाली, "मला म्हनली मजेत हाय."

"हाय की मजेत," भाऊजी म्हणाले. "आता हाय."

चष्मा काढून ते बराच वेळ पुसत बसले. सुमन आत भाकरी करायला गेली. मीही उठणार, तेवढ्यात त्यांनी परत फोन लावला. मला वाटलं पोरीलाच. पलीकडून महेश घाबरलेला, कारण या घरातून त्याला कधी कुणी आपणहून फोन केला नव्हता.

"काय झालं आप्पा? आई बरी आहे ना?"

"समदी बरी हायेत. तुज्याकडं येळ हाय का?"

"आहे. का?"

"तू दिसभर काम काय करतूस, ते सांग मला."

पलीकडं महेश जरा हसला. "आप्पा, ते जरा अवघड…"

"असू दे. समजंना तर परत इचारीन."

तो सावकाश म्हणाला, "म्हणजे बघा, तुम्ही बँकेत पासबुक भरायला जाता ना, तिथनं धरा…"

"थांब. हळू. हां, धरलं."

मी चपला घालून हळूच बाहेर पडले. घरी येऊन भांडी घासली, दळण निवडलं, थोडी पडले. भिंतीपलीकडं भाऊजींचं "हां, मग?" चालूच होतं.